‘नवीन वाण’ या शब्दाची पारख



मृग नक्षत्र जवळ आले की पालमच्या बाजारपेठेत कृषि सेवा केंद्रांसमोर गर्दी होऊ लागते. त्या गर्दीत थोडा वेळ उभे राहिले तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "यंदा नवीन काय आलंय?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. नव्या संशोधनाची माहिती करून घेणे हे जागरूक शेतकऱ्याचे लक्षणच आहे. परंतु दुकानदाराने नवे नाव सांगितले आणि पुढे काहीही न विचारता पिशवी उचलली गेली, की चूक होण्यास सुरुवात होते. ‘नवीन’ हा शब्द तो वाण केव्हा आला एवढेच सांगतो. तो कोणत्या जमिनीसाठी आहे, किती दिवसांत तयार होतो, पावसाचा खंड पडला तर तग धरतो की नाही, कडबा किती देतो, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर त्या शब्दात नसते.

एक पिशवी, दोन शेते

पालम तालुक्याची जमीन एकसारखी नाही. उत्तरेला गोदाकाठची खोल, काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे, तर दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगररांगेकडे जावे तसतशी जमीन हलकी व मुरमाड होत जाते. मागे एका रब्बी हंगामात याच तालुक्यात शिवारफेरीच्या निमित्ताने जाणे झाले. तेथे एक शेतकरी भेटले. त्यांची जमीन डोंगराकडची. ज्वारीची कणसे निसवली होती, पण दाणा भरण्याआधीच ताटे खालून वाळत आली होती. ते म्हणाले, "सर, नवीन बियाणं म्हणून घेतलं आणि फसलो. घरची मालदांडी मोडून हे पेरलं."

बियाणे कोठून आणले, असे विचारले तेव्हा खरी गोष्ट कळली. बियाणे त्यांच्या साडूंनी आणले होते. साडूंची जमीन गोदाकाठी. एकाच पिशवीतील निम्मे बियाणे त्यांनी स्वतः पेरले व निम्मे यांना दिले. दुसऱ्या दिवशी साडूंचे शेत पाहिले. पीक छातीच्या वर, कणसे भरदार, पाने अजून हिरवी. तेच बियाणे, पेरणीही एकाच आठवड्यातील. मग एकाला पावले आणि दुसऱ्याला का नाही?

तो वाण भारी जमिनीसाठी शिफारस केलेला होता. त्याला तयार होण्यास ११५ ते १२० दिवस लागत होते. गोदाकाठच्या खोल जमिनीत साठलेली ओल त्याला शेवटपर्यंत पुरली. डोंगराकडच्या हातभर खोलीच्या जमिनीत ती पीक फुलोऱ्यावर असतानाच संपली. म्हणजे बियाणे खोटे नव्हते आणि शेतकऱ्यानेही कष्टात कसूर केली नव्हती. फक्त तो वाण त्या जमिनीचा नव्हता. त्या शेतकऱ्याला धान्य तर कमी झालेच, शिवाय उन्हाळ्यात बैलांसाठी कडबा विकत घ्यावा लागला. दोन्ही साडूंनी बियाणे निवडताना एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे ते ‘नवीन’ आहे. एकाला त्याचा फायदा झाला तो जमिनीमुळे, निवडीमुळे नव्हे.

नव्याची ओढ का लागली?

नव्यावर आपला एवढा विश्वास का बसला, यालाही इतिहास आहे. १९६४ मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण सी.एस.एच. १ आला. त्यानंतर सी.एस.एच. ५, सी.एस.एच. ९ असे वाण आले. खरीप ज्वारीचे उत्पादन या वाणांमुळे खरोखरच वाढले. ज्या घरांनी टंचाईचे दिवस पाहिले होते, त्यांच्या कणगीत प्रथमच भरपूर धान्य आले. कपाशीतही संकरित वाणांनी असाच बदल घडविला. त्यामुळे ‘नवे आले की उत्पादन वाढते’ हा समज आपल्या वडील पिढीला अनुभवातूनच मिळाला.

परंतु त्याच अनुभवाची दुसरी बाजू आपण विसरतो. गावरान खरीप ज्वारी उंच वाढणारी आणि उशिरा पक्व होणारी होती. पाऊस उघडल्यानंतर तिचा दाणा भरत असे, म्हणून तो पांढरा राहत असे. संकरित ज्वारी १०० ते ११० दिवसांत तयार होऊ लागली. परतीचा पाऊस चालू असतानाच तिची कणसे पक्व होऊ लागली आणि दाण्यावर बुरशी चढून ज्वारी काळी पडू लागली. काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळेना आणि भाकरीलाही चव राहीना. ताटे बुटकी झाल्यामुळे कडबा कमी झाला. पेरणी लांबली तर खोडमाशीही जास्त लागू लागली.

याचा अर्थ संकरित ज्वारी आणणे चुकले, असा नाही. देशाला त्या वेळी धान्य हवे होते आणि ते तिने दिले. शिकण्यासारखे आहे ते एवढेच, की गावरान वाणाच्या उशिरा पक्व होण्याला आपण दोष समजत होतो, पण तेच त्याचे बुरशीपासून संरक्षण होते. एखादा गुण बदलला की त्याच्याशी जोडलेली दुसरी गोष्टही बदलते. जुन्या वाणाचे दोष आपल्याला पाठ असतात, कारण तो अनेक वर्षे शेतात राहिलेला असतो. नव्याचे दोष दिसण्यासाठी मात्र काही हंगाम जावे लागतात. पहिल्या वर्षी त्यात दोष दिसत नाहीत, म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

मालदांडी अजून का टिकून आहे?

रब्बी ज्वारीचे उदाहरण याहून बोलके आहे. मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने काढण्यात आला. ही गोष्ट १९३० च्या दशकातील. त्यानंतर स्वातंत्र्य आले, १९७२ चा दुष्काळ येऊन गेला, रब्बीसाठी संकरित वाणही आले. तरीही मालदांडी शेतातून गेली नाही. तिची भाकरी गोड आणि मऊ होते. मोत्यासारख्या दाण्याला भाव चांगला मिळतो. कडबा भरपूर निघतो आणि जनावरे तो आवडीने खातात. शिवाय जमिनीतील ओलीवर येण्याची तिला सवय आहे. रब्बीचे संकरित वाण उत्पादनात पुढे असले, तरी दाण्याची प्रत आणि कडबा यांत शेतकऱ्याचे समाधान करू शकले नाहीत, म्हणून ते फारसे पसरले नाहीत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. रब्बी ज्वारीचा नवा वाण संशोधन केंद्रावर तयार झाला की आम्ही तो एकटा पेरून पाहत नाही. त्याच्या शेजारी, त्याच जमिनीत, त्याच दिवशी जुना मान्य वाण पेरावा लागतो. त्याला आम्ही ‘तुलनेचा वाण’ म्हणतो. रब्बी ज्वारीत हा मान वर्षानुवर्षे मालदांडी ३५-१ कडे आहे. अनेक ठिकाणी व अनेक हंगाम तिच्याशी तुलना करून जो सरस ठरेल, त्याचीच पुढे शिफारस होते. म्हणजे ज्यांचे कामच नवे वाण काढण्याचे आहे, ते शास्त्रज्ञसुद्धा केवळ नवेपणावर विश्वास ठेवीत नाहीत. मग शेतकऱ्याने तरी का ठेवावा?

कपाशीने शिकविलेला धडा

मराठवाड्यात कपाशीच्या बाबतीत हा धडा सर्वांत महाग पडला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेला ‘नांदेड ४४’ (एन.एच.एच. ४४) हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विशेष पसंतीस उतरला होता. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेली बीटी कपाशी आली. अमेरिकन व ठिपक्यांच्या बोंडअळीवर बीटीचा परिणाम चांगला झाला, फवारण्या वाचल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण पाहता पाहता बाजारात बिगरबीटी बियाणे मिळेनासे झाले. तुलनेला शेजारी जुना वाणच उरला नाही, त्यामुळे कोणत्या जमिनीत कोणता संकर चालतो हे पाहण्याची सवयही मोडली. बीटी जनुक बोंडअळीसाठी असते. मूळ संकराची जमीन, कालावधी, मावा-तुडतुड्यांची सहनशीलता या गोष्टी जनुकाने बदलत नाहीत. ही साधी गोष्ट अनेकांना सांगितलीच गेली नाही.

या नव्या तंत्राला अटी होत्या. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी दिली जात असे. शेताच्या कडेने ते आश्रय पीक म्हणून लावायचे होते, म्हणजे अळ्यांमध्ये प्रतिकारशक्ती लवकर निर्माण झाली नसती. बहुतेक शेतांत ही पुडी पेरलीच गेली नाही. त्यातच पाण्याची सोय असलेल्यांनी मार्चपर्यंत फरदड ठेवली आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर खाद्य मिळत गेले. प्रथम गुजरातेत एक जनुक असलेल्या बीटीला ही अळी दाद देईनाशी झाल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दोन जनुकांची बीटीही तिच्यापुढे निष्प्रभ ठरली आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार उडविला. वरून हिरवीगार दिसणारी बोंडे फोडून पाहिली तर आत किडकी सरकी निघत होती.

नवे तंत्रही जुने होते, आणि त्याच्या अटी न पाळल्यास फार लवकर होते, हा यातला बोध आहे. पुढे आपल्या विद्यापीठाने ‘नांदेड ४४’ मध्येच बीटीचा गुण आणून तो वाण पुन्हा उपलब्ध करून दिला. नवा गुण हवाच, पण तो आपल्या जमिनीत रुजलेल्या वाणात हवा, हा त्यामागील विचार आहे. देशी कपाशीवरही परभणीस काम चालू राहिले. पीए २५५ (परभणी तुराब) आणि पीए ४०२ (विनायक) हे सरळ देशी वाण पाण्याचा ताण व रसशोषक किडी अधिक चांगल्या सहन करतात. बोंड लहान असल्याने वेचणीस मजूर जास्त लागतात, ही त्यांची उणीवही लक्षात घ्यावी.

अलीकडे तणनाशक सहन करणारी कपाशी ‘सर्वांत नवीन’ म्हणून लपूनछपून विकली गेली आहे. ज्या बियाण्याला मान्यता नाही, लेबल नाही आणि पावती नाही, त्याचे नुकसान झाल्यास दाद कोणाकडे मागणार?

‘जुने ते सोने’ हाही उपाय नव्हे

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग आपले जुनेच बरे. असे समजणे म्हणजे तीच चूक उलट बाजूने करणे होय. वाण जुना आहे म्हणून चांगला, यालाही काही आधार नाही. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण खरी असली, तरी काही नवे नऊ दिवसांपुरते नसते.

तुरीचे पाहा. जुने वाण मर आणि वांझ रोगाला बळी पडत. उभी तूर वाळून जाई, नाहीतर झाड हिरवे दिसूनही शेंगा धरत नसे. बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ हा वाण दिला, तो या दोन्ही रोगांना प्रतिकारक होता. त्याने तुरीची शेती सावरली. त्यानंतरचा बीडीएन ७११ हा पांढरा वाण साधारण १५० ते १५५ दिवसांत येतो, त्यामुळे मध्यम जमिनीत ओल संपण्यापूर्वी पदरात पडतो. येथे नवा वाण घेणेच शहाणपणाचे आहे. सोयाबीनचा जे.एस. ३३५ एके काळी घरोघरी होता. रोग-किडींपुढे तो कमी पडू लागल्यावर त्यालाच धरून बसण्यात अर्थ नाही. एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ असे परभणीचेच वाण त्यासाठी उपलब्ध आहेत.

आता डोंगराकडच्या त्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळू. त्यांनी काय पेरायला हवे होते? हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा व फुले माउली या लवकर येणाऱ्या वाणांची शिफारस आहे. हे दोन्ही वाण राहुरीच्या कृषि विद्यापीठाचे असून मालदांडीपेक्षा कितीतरी नवे आहेत. म्हणजे त्यांना नवा वाणच उपयोगी पडला असता, मात्र त्यांच्या जमिनीचा नवा. मध्यम जमिनीत मालदांडी ३५-१, फुले सुचित्रा, परभणी मोती आणि भारी जमिनीत परभणी मोती, फुले वसुधा, फुले यशोदा यांची निवड करावी. जमीन कोणती ते अंदाजाने ठरवू नये. कुदळीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. ३० सें.मी. पर्यंत हलकी, ६० सें.मी. पर्यंत मध्यम आणि त्यापेक्षा खोल असल्यास भारी समजावी.

पिशवी घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) हा वाण कोणत्या जमिनीसाठी व कोणत्या हंगामासाठी शिफारस केलेला आहे? कोरडवाहूसाठी की बागायतीसाठी?

२) किती दिवसांत तयार होतो? आपल्या जमिनीतील ओल तितके दिवस पुरेल का?

३) जुन्या वाणापेक्षा नेमका कशात चांगला आहे? उत्पादनात, रोगप्रतिकारात, दाण्याच्या प्रतीत की कडब्यात? ‘सगळ्यातच’ असे उत्तर मिळाल्यास सावध व्हावे.

४) त्यासाठी कोणत्या अटी पाळाव्या लागतील? जास्तीचे खत, पाणी, फवारणी, आश्रय पीक यांचा खर्च धरून फायदा किती उरतो?

५) वाण सरळ आहे की संकरित? सरळ वाणाचे बियाणे घरी राखून पुढील हंगामात वापरता येते. संकरिताचे दरवर्षी विकत घ्यावे लागते.

६) विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या शिफारशीत त्याचे नाव आहे का? लेबल पाहावे. पायाभूत बियाण्याचे लेबल पांढरे, प्रमाणित बियाण्याचे निळे आणि सत्यप्रत बियाण्याचे हिरवे असते. पावती, लेबल आणि पिशवीतील मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

दहा गुंठ्यांची स्वतःची चाचणी

वरील सर्व उत्तरे समाधानकारक असली, तरी नवा वाण पहिल्याच वर्षी सर्व शेतात पेरू नये. दहा गुंठ्यांत त्याची परीक्षा घ्यावी. पद्धत सोपी आहे.

• प्रथम १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ज्वारी व तुरीची किमान ७५ टक्के व सोयाबीनची किमान ७० टक्के असावी.

• शेतातील एकसारख्या जमिनीचा भाग निवडावा. बांधालगतची, विहिरीजवळची किंवा उकिरड्याची जागा घेऊ नये. नव्या वाणाला चांगली जागा आणि जुन्याला उरलेली, असे केल्यास चाचणी खोटी ठरते.

• मधल्या पट्ट्यात नवा व दोन्ही बाजूंस नेहमीचा वाण पेरावा. पेरणी एकाच दिवशी करावी. रब्बी ज्वारीचे एकरी ४ किलो बियाणे लागते, म्हणून दहा गुंठ्यांना १ किलो पुरते.

• खत, कोळपणी व फवारणी दोन्हींना सारखीच द्यावी. उगवण, फुलोरा व काढणीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात.

• काढणीच्या वेळी दोन्ही वाणांतून ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठा मोजून वेगळा काढावा. धान्य व कडबा दोन्ही तोलावेत. एकराचा अंदाज काढण्यासाठी त्याला ४० ने गुणावे.

• शेवटी भाकरी करून पाहावी. घरातील बायाबापड्यांचे मत विचारावे. दाणा टिकतो कसा आणि भाकरी कशी होते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

एका हंगामाच्या निकालावर घाई करू नये. चांगल्या पावसाच्या वर्षी सर्वच वाण चांगले दिसतात. निदान दोन हंगाम, आणि त्यांत एक कमी पावसाचा मिळाला तर उत्तमच, पाहून मग क्षेत्र वाढवावे. तोपर्यंत घरचे बियाणे मोडू नये. जुने बियाणे एकदा संपले की मागाहून तुलना करण्यास आणि गरज पडल्यास परत जाण्यास काहीच उरत नाही.

हाच नियम फवारणीचे औषध, टॉनिक, खताचा नवा प्रकार किंवा नवे अवजार यांनाही लागू आहे. रुंद वरंबा सरी पद्धत आपल्या भारी जमिनीत उपयोगी ठरली, ती नवी आहे म्हणून नव्हे. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाच्या खंडात वरंब्यातील ओल टिकते, म्हणून. जेथे असे कारण सांगता येते, तेथे नव्याचे अवश्य स्वागत करावे.

त्या शेतकऱ्यांनी पुढील रब्बीत डोंगराकडच्या जमिनीत एका पट्ट्यात लवकर येणारा वाण व शेजारी भावकीतून मागून आणलेली मालदांडी पेरली. आपण पेरलेले दोन पट्टे शेजारी-शेजारी पाहिल्यावर त्यांना कोणाच्याही व्याख्यानाची गरज उरली नाही. येत्या हंगामात आपणही दहा गुंठे राखून ठेवावेत आणि वाणाच्या निवडीबाबत शंका असल्यास तालुका कृषि अधिकारी कार्यालय किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी पेरणीपूर्वी संपर्क साधावा.